तेलडबा निवड समितीचा अंतिम अहवाल

माणूस गाडी घेतो ती कुठेतरी जाण्यासाठी, असा एक व्यापक गैरसमज आहे. गाडी घ्यायची असते ती तिची काळजी करण्यासाठी. जायला बस असते.

हे सत्य ज्यांना उमगलं, त्यांत एका हेडक्लार्कसाहेबांचा नंबर बराच वर लागतो. त्यांची गाडी अकरा वर्षांची, स्वभावाने गरीब. सर्व्हिसिंगच्या वेळी हात पुसता पुसता मिस्त्री सहज बोलून गेला, "जुनं इंजिन आहे साहेब, श्वासाबरोबर थोडं तेल वर खेचतं. मधल्या पाइपाला एक डबा बसवला की ते त्यात साठतं. नाही बसवला तरी काही बिघडत नाही म्हणा."

यातलं शेवटचं वाक्य साहेबांनी दप्तरदाखल केलं आणि त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तेलडबा निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, आणि कुणीतरी विरोध करायला हवा म्हणून सदस्यही साहेबच. (सदस्याने दोनदा सभात्याग केला. चहाच्या वेळी परत आला.) सात महिन्यांत समितीने दोनशे चौदा व्हिडिओ पाहिले, एकोणीस डब्यांचा तुलनात्मक तक्ता केला आणि एकोणीसच्या एकोणीस नामंजूर केले. कुणात जाळी नव्हती, कुणाची तोटी बारीक होती, एकाचा रंग उथळ वाटला. तोवर गाडी जागची हलवली नाही, कारण डब्याविना चालवून इंजिनाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणावर निश्चित करायची? परिणामी सात महिन्यांत तेलाचा एक थेंबही वर खेचला गेला नाही. हे यश समितीने आपल्या नावावर नोंदवून घेतलं.

अखेर डबा घरीच बनवण्याचा ठराव दोन विरुद्ध एक मताने संमत झाला. स्वयंपाकघरातला साखरेचा स्टीलचा डबा, झाकणाला दोन भोकं, त्यात दोन तोट्या, आणि आत तेल अडवायला भांडी घासायची तारेची घासणी. (साखर तेव्हापासून पातेल्यात आहे. दूध कशात तापवायचं, हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा.)

"अहो," बायको म्हणाली, "गुरुवारी अकरा वाजता बाबांना दवाखान्यातून सोडणारेत. डोळ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणालेत धूळ नको, धक्के नकोत. गाडीनं आणायचं ना?"

"अगं म्हणजे काय! बुधवारी डबा बसतोय."

"मी डब्याचं विचारलं नाही."

बुधवारी डबा बसला. तो नीट दिसतोय ना, हे पाहायला साहेबांनी बॉनेट सहा वेळा उघडलं. गुरुवारी दहा वाजता बायको शेजारी बसली, साहेबांनी किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, 'कट्'. पुन्हा फिरवली. 'कट्'. तिसऱ्यांदा तिने तेवढंही बोलायचं टाळलं.

मिस्त्री फोनवर म्हणाला, "बॅटरी उतरली असणार. सात महिने उभी ठेवलीत ना? अहो साहेब, गाडी चालवायची असते."

"पण डबा..."

"डब्याला काय धाड भरलीय? तो ठणठणीतच असेल!"

साहेबांनी फोन ठेवून वळून पाहिलं तेव्हा बायको शेजारी नव्हती. ती बसथांब्यावर होती.

परततानाही भाड्याची गाडी तासभर मिळाली नाही, म्हणून बापलेक बसनेच आले. सासऱ्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती, चष्म्यावर रस्त्याची धूळ होती आणि खांबाला धरून धरून तळहात लालबुंद झाला होता. साहेब उघड्या बॉनेटपाशी फडकं घेऊन उभे होते. म्हाताऱ्याचा तो हात पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, फार त्रास झाला का हो?"

सासरे वाकले. उरलेल्या डोळ्याने बराच वेळ इंजिनाकडे पाहत राहिले.

"जावईबापू, डबा झकास झालाय," ते म्हणाले. "आता त्याला एखादी गाडी बघा."

बायकोने वडिलांचा हात धरला आणि त्यांना जिना चढवून वर नेलं.

त्या संध्याकाळी समितीची शेवटची बैठक झाली. डबा तपासला असता पूर्णपणे कोरडा आढळला. 'दोष आमचा' हा ठराव एकमताने संमत झाला. सदस्यसुद्धा विरोधात गेला नाही. अहवालाच्या प्रती बायकोला आणि सासऱ्यांना सविनय सादर झाल्या.

एक प्रत माहितीसाठी तुम्हाला. एका डब्याची हकिगत इथवर इतकी मन लावून वाचलीत, त्या अर्थी तुम्हीही आज कुणालातरी कुठूनतरी आणायचं कबूल केलेलं असणार. किती वाजता बोलावलं होतं त्यांनी?