सासूबाईंच्या तळघराची खिडकी

"पुस्तक समोर उघडं ठेवून द्यायची परीक्षा! तिच्यात नापास व्हायचं म्हणजे खास मेहनतच घ्यावी लागेल!" हार्लन न्यूकमने चर्चच्या आवारात चारचौघांत जाहीर केलं आणि हातातला कॉफीचा पेला करंडकासारखा उंचावला.

हार्लन आयोवातल्या मिलर्स बेंडचा सुतार. तीस वर्षं त्याने घरांचे सांगाडे उभे केले, छपरं घातली. आता मात्र शिडी नुसती दिसली तरी त्याचे गुडघे कुरकुरायला लागत. अशात गावचे घरतपासनीस गस लिंडक्विस्ट निवृत्त व्हायला निघाले. त्यांच्या जागी बसायला अट एकच, घरतपासनिसाच्या लायसन्सची परीक्षा. हार्लनला ती खुर्ची हवीच होती. जमिनीवर नीट टेकलेली, मऊ गादीची खुर्ची!

त्याने कोडचं, म्हणजे घरबांधणीच्या सरकारी नियमांचं, जाडजूड पुस्तक आणलं आणि त्याला इतक्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, की पुस्तक पिसारा फुलवलेल्या टर्कीसारखं दिसू लागलं. मग टेप घेऊन तो घरभर हिंडू लागला.

"जोलीन, पायरी पावणेआठ इंचांहून उंच नको! कोड म्हणतं!"

"हार्लन, मला सकाळची शाळेची बस काढायचीय," बायको म्हणाली. "पायरीवरून ऊठ, नाहीतर तुझ्यावर पाय देऊन उतरेन."

परीक्षेला दोन आठवडे उरले होते. रविवारी दोघं नेहमीप्रमाणे जोलीनच्या आईकडे जेवायला गेली. विल्माबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. गावचं ग्रंथालय त्यांनी चाळीस वर्षं असं चालवलं, की तिथे माणसं शिंकायलासुद्धा बाहेर जात.

"पाठांतर झालं असेल तर एक सांग," त्या म्हणाल्या. "तळघरातल्या पाहुण्यांच्या खोलीत कुणी झोपलंय आणि जिन्याला आग लागली. माणूस निघणार कुठून?"

"खिडकीतून! आई, हा तर पहिल्या पानावरचा प्रश्न! संपूर्ण साज चढवलेला आगीच्या बंबावरचा माणूस आत शिरू शकला पाहिजे. मी आत्ता निघून दाखवतो!"

"आत्ता? तीनदा बटाटे घेतलेस तू," जोलीन म्हणाली.

पण हार्लन तळघरात पोहोचलासुद्धा! त्याने हात बाहेर काढले, डोकं काढलं, खांदे तिरके करून काढले. मग आलं पोट. पोट आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं!

आता वरचा अर्धा हार्लन खिडकीबाहेर उजेडासाठी खणलेल्या खड्ड्यात आणि खालचा अर्धा पाहुण्यांच्या खोलीत. जोलीनने आतून ढकललं, तर तो केकाटला. पाय धरून ओढलं, तर आणखी केकाटला. तो आवाज शेजारीण बाईंनी ऐकला. कुंपणावरून पाहिलं तर विल्माबाईंच्या भिंतीतून एक घामाघूम, लालबुंद पुरुष बाहेर येतोय! त्यांनी थेट पोलिसांना फोन लावला.

पाच मिनिटांत पोलीस हजर. "हात वर कर!"

"हातच तेवढे वर आहेत हो!" हार्लन ओरडला. "बाकीचं काही हलत नाही!"

पोलिसाने बंब बोलावला. बंबाचा आवाज ऐकून अर्धी गल्ली गोळा झाली. कुणी तर घडीच्या खुर्च्याही आणल्या. आणि गर्दीतून वाट काढत आले कोण? साक्षात गस लिंडक्विस्ट! हार्लनला वाटलं, गेली इज्जत, पण निदान ज्ञान तरी दाखवावं!

"लिंडक्विस्टसाहेब, बघा!" तो खड्ड्यातून गरजला. "रुंदी कमीत कमी वीस इंच हवी, ही जेमतेम सतरा आहे! ज्या गाढवाने ही खिडकी बसवली त्याला…"

आणि तिथेच त्याची जीभ अडखळली. त्याला आठवलं.

"बोल ना," विल्माबाई वरून म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी बसवलीस तू. टेप विसरलो होतो, अंदाजाने मापली, म्हणालास."

गल्लीत असा काही हशा पिकला, की पोलिसालाही तोंड फिरवावं लागलं. अखेर बंबाच्या माणसांनी चौकट कापली, तेव्हा हार्लन बाटलीच्या बुचासारखा सुटला.

"लेका, उत्तर बरोबर होतं तुझं," गस त्याच्या अंगावरची माती झटकत म्हणाले. मग खिशातून वही काढून त्यांनी नोटीस फाडली. विनापरवाना काम! खिडकी दहा दिवसांत नियमाप्रमाणे बसवायची!

झालं! खिडकी मोठी म्हणजे बाहेरचा खड्डाही मोठा, त्यामुळे अभ्यासाचे दिवस खणण्यात गेले. हार्लन खड्ड्यात फावडं मारायचा आणि वर खुर्चीत छत्री उघडून विल्माबाई कोडचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या.

"आई, खिडक्यांचं प्रकरण संपलं की कालच."

"संपलं असेल. पण पुढे चिमणीचं आहे. भलतंच रंगतदार आहे रे! खण तू."

चिमणी झाली, पाया झाला, विजेच्या तारा झाल्या. खिडकी नवव्या दिवशी बसली आणि पुस्तक दहाव्या दिवशी संपलं.

परीक्षेच्या सकाळी हार्लन गाडीपाशी आला, तर मागच्या सीटवर टोपी घालून विल्माबाई बसलेल्या.

"आई, तुम्ही कुठे?"

"परीक्षेला. कुणालाही बसता येतं, मी फोन करून विचारलं. एवढं वाचलं ते काय फुकट घालवू?"

पास व्हायला पंचाहत्तर हवे होते. हार्लनला शहात्तर मिळाले. त्याने केंद्राच्या दारातच जोलीनला उचलून गिरकी घेतली, गुडघे कुरकुरले तरी! विल्माबाईंनी आपला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांना चौऱ्याण्णव होते.

नोकरी हार्लनला मिळाली, कारण विल्माबाईंनी अर्जच केला नाही. "या वयात कोण रोज ऑफिसात जातंय?" त्या म्हणाल्या. हार्लनने सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्या सोमवारी तो गुबगुबीत खुर्चीत रेलला. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, टेबलावर गरम कॉफी! समोर नागरिकांच्या तक्रारींचा एक लिफाफा होता. त्याने रुबाबात उघडला. अकरा तक्रारी, प्रत्येकीपुढे कोडचं कलम, सुवाच्य ग्रंथालयी अक्षरात. एकही चूक नाही!

घर मात्र एकच होतं. हार्लनचं.