देवस्थळींचं रूट कॉज

मुकुंद देवस्थळी भेटले की नमस्कार करत नाहीत, कारण सांगतात. पहिलं कारण मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ऐकलं. मी कोथिंबिरीची जुडी निवडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, सापडलं."

मला वाटलं, यांचं पाकीट हरवलं असेल. "काय सापडलं?"

"रूट कॉज. सानिकाचे मार्क का पडले त्याचं. युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये ती उजवीकडे बसायची. जाताना पूर्व उजवीकडे, येताना पश्चिम उजवीकडे. दोन्ही वेळेला ऊन उजव्याच बाजूला. म्हणजे दोन वर्षं मेंदूची एकच साइड तापली, मॅडम."

मी अबूधाबीत एकोणीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. मेंदू एका बाजूने भाजल्याचं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मी जुडी घेतली आणि पैसे देऊन बाहेर पडले. ते मागून सांगत होते की डावीकडच्या सगळ्या मुली फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्या आहेत.

मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही एकाच व्हिलात राहतो. व्हिला म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. प्रत्यक्षात एका मोठ्या बंगल्याचे सहा तुकडे पाडून सहा कुटुंबांना भाड्याने दिलेले आहेत. देवस्थळी खालच्या तुकड्यात, मी वरच्या. त्यामुळे टाळायचं म्हटलं तरी त्यांना टाळता येत नाही.

देवस्थळी मुसफाहच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. तिथे तेल साठवायच्या टाक्या बनतात. टाकीच्या जोडाला बारीकशी चीर दिसली की हे गृहस्थ चिरेमागचं मूळ कारण शोधतात आणि त्याचा रिपोर्ट लिहितात. तेवढ्यावर थांबले असते तर जगाचं भलंच झालं असतं. पण मुलीचे बीएस्सीचे निकाल यायला लागले, जीपीए चारपैकी दोनच्या आसपास घुटमळला, आणि या माणसाने घरातच इन्स्पेक्शन सुरू केलं.

मुलीला दातांची डॉक्टर व्हायचं आहे. सानिकाला अकरावी-बारावीत मीच शिकवलं, म्हणून मला हे तेव्हापासून माहीत आहे. बाकीच्या मुली माझ्या टेबलावर फुलं ठेवायच्या. हिने एकदा स्वतःच्या दातांचा प्लास्टरचा साचा आणून ठेवला आणि मला दाढेच्या खाचा समजावून सांगितल्या. बारावीनंतर थेट प्रवेश थोडक्यात हुकला. आधी बीएस्सी करू, मग तिकडे वळू, असं ठरलं. आणि नेमके बीएस्सीचेच मार्क असे आले की कुठल्याही डेंटल कॉलेजने फॉर्म उघडून लगेच मिटावा.

आता अशा वेळी शहाणा बाप काय करेल? गप्प बसेल. देवस्थळींनी कारणांचा कारखाना काढला.

एकदा परीक्षेच्या हॉलमधला एसी नेमका तिच्या डोक्यावर होता. एकदा प्रोफेसर स्कॉटलंडचा निघाला, "त्याचं इंग्लिश इंग्लिश लोकांना पण कळत नाही, मॅडम." एकदा बाक डावखुऱ्यांसाठीचा होता. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका वाण घेत असताना हे दारातून आत डोकावले आणि पाण्यावर घसरले. "आपण इथे समुद्राचं पाणी गोड करून पितो. त्यात मॅग्नेशियम झीरो. मॅग्नेशियम नाही म्हणजे मेमरी नाही." मी एकोणीस वर्षं तेच पाणी पिते आहे आणि मला त्यांचं प्रत्येक कारण तारीखवार आठवतं, हे मी त्यांना तिथेच ऐकवलं. बायका हसल्या. तेही हसले आणि म्हणाले, "तुमचा फिल्टर वेगळ्या कंपनीचा असेल."

या माणसाला टोमणा लागतच नाही. मी टाकून बोलले, दुर्लक्ष केलं, एकदा तर ते जिन्यात दिसले म्हणून मी पुन्हा वर जाऊन पाच मिनिटं दाराआड उभी राहिले. उपयोग शून्य. मंडळात त्यांचं नावच ‘रूट कॉज’ पडलं. पोरंसोरं त्यांना चिडवायला विचारायची, "अंकल, व्हॉट्स टुडेज रीझन?" आणि हे आनंदाने सांगायचे.

त्यांची बायको, वृंदावहिनी, मात्र वैतागलेली. मोठी ताठ बाई होती. होती म्हणजे अक्षरशः ताठ. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून कमरेला पट्टा असायचा. "मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली, हे सरळ कारण आहे," ती म्हणायची. "पण यांना मुलीला बोलायचं नाही. मग बस, एसी आणि पाणी."

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटायचं. लाडावलेली मुलगी आणि तिला पाठीशी घालणारा बाप. असे बाप मी पालकसभेला डझनाने पाहिले आहेत.

जूनमध्ये एका खासगी डेंटल कॉलेजचा फॉर्म आला. बीएस्सी झालेल्यांसाठी तिथे थोड्या जागा होत्या. फॉर्मच्या शेवटी अर्धं पान कोरं सोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं की गुणांबद्दल काही सांगायचं असेल तर इथे सांगा. देवस्थळी फॉर्म घेऊन माझ्याकडे आले, कारण माझं इंग्रजी बरं आहे अशी त्यांची समजूत. मी स्पष्ट बजावलं, "बस आणि मॅग्नेशियम यातलं एक अक्षरही लिहिणार नाही. हे अर्धं पान म्हणजे तिची शेवटची संधी आहे. खरं काही असेल तर सांगा, नाहीतर खलास."

"लिहा काहीतरी जनरल," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझी नजर चुकवली.

मी वैतागून फॉर्म घेतला आणि सानिकाशी बोलायला खाली गेले. ती घरात नव्हती. वृंदावहिनीने चहा टाकला आणि बोलता बोलता विषय तिच्या आजारपणावर आला. ऑपरेशननंतर तीन महिने ती पाठीवर सरळ झोपून होती. कूस बदलायचीही परवानगी नव्हती. देवस्थळी तेव्हा दूर रुवैसला, रिफायनरी बंद ठेवून करायच्या शटडाउनच्या कामावर, फक्त शुक्रवारी घरी यायचे.

"सगळं सानिकाने केलं," ती म्हणाली. "अंघोळ, भांडं देणं, सगळं. पण माझ्या मुलीने एक लेक्चर बुडवलं नाही हो. सगळं ऑनलाइन करून घेतलं. उशाशी लॅपटॉप लावून बसायची. मला दिसायचं फक्त छत, पण सरांचा आवाज ऐकू यायचा. ऐकून ऐकून मला तो नेफ्रॉन पाठ झाला." आणि तिने हसत हसत मूत्रपिंडातल्या नळीचा अख्खा प्रवास इंग्रजीत म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही.

मी कौतुक केलं. मग सवयीने विचारलं, "आणि पुढचं? हॉर्मोन्स वगैरे?"

"पुढचं नाही येत. ते सर रोज हेच घ्यायचे. उजळणीवर फार भर."

तीन महिने रोज नेफ्रॉन शिकवणारा प्रोफेसर जगात असू शकत नाही. मी चहा तसाच ठेवून उठले.

संध्याकाळी सानिकाला वर बोलावलं. तिने फार ताणलं नाही. "इट वॉज वन रेकॉर्डिंग, मॅम. आय जस्ट प्लेड इट एव्हरी डे." ऑनलाइन वगैरे काही नव्हतंच. प्रॅक्टिकलला हजेरी सक्तीची होती, ती गेलीच नाही. रजेचा अर्ज केला असता तर युनिव्हर्सिटीचं पत्र घरी आलं असतं, म्हणून अर्जही केला नाही. सगळं दुसरं वर्ष तिथेच बुडालं आणि तिसऱ्या वर्षात ते भरून निघालं नाही.

"मग हेच लिहू," मी म्हटलं. "ताबडतोब लिहू. याच्यावर कुठलंही कॉलेज विचार करेल."

"नो, मॅम. आई रीड्स एव्हरीथिंग. प्रिंट पण तीच काढते."

दुसऱ्या दिवशी मी देवस्थळींना खाली पार्किंगमध्ये गाठलं. चांगली खडसावायच्या तयारीत होते. सगळं कळलं म्हणून सांगितलं. ते गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले.

"पहिला खराब निकाल पोर्टलवर आला तेव्हा वृंदा नुकती वॉकर सोडून चालायला लागली होती," ते म्हणाले. "तिने विचारलं, का हो असे मार्क? सानिकाने मला खरं सांगितलं होतं, पण वृंदाला काय सांगणार? वर एसी चालू होता. म्हटलं, एसी. मग तिला ते पटेना. म्हणून दुसरं सांगितलं. मॅडम, तिला विचार करायला वेळ मिळाला तर ती हिशोब लावेल. कुठलं वर्ष, कुठले महिने. हुशार आहे ती. म्हणून मी वेळच देत नाही."

अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस. टाकीच्या रिपोर्टवर एक खोटी सही केली नाही म्हणून दोनदा प्रमोशन हुकलेला. आणि घरी दीड वर्ष रोज एक खोटा रिपोर्ट देत होता. मी त्यांना मंडळात चार बायकांसमोर हसले होते, त्याची मला तिथे उन्हात उभी असताना भयंकर लाज वाटली. तसं मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "छे छे, लोक हसले की वृंदा पण हसायची. बरंच होतं ते."

फॉर्मवर आम्ही जनरलच लिहिलं. देवस्थळींनी मुलीला एवढंच सांगितलं, "कागदावर नको. इंटरव्ह्यूला आत बोलावलं आणि विचारलं तर सांग. बाहेर आलीस की विसर." तिसऱ्या वर्षाचे मार्क चढते होते म्हणून असेल, पण इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. दार बंद झालं, सानिका पंचवीस मिनिटं आत होती. बाहेर आल्यावर आईला म्हणाली, "दे आस्क्ड अबाउट कॅव्हिटीज."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. जागा मिळाली होती, पण एका अटीवर. बुडालेले दोन विषय प्रॅक्टिकलसकट पुन्हा करायचे, मग पुढच्या वर्षी प्रवेश. देवस्थळी पेढे घेऊन वर आले आणि मला खाली घेऊन गेले. वृंदावहिनीचा आनंद फार टिकला नाही. पत्र तिने दोनदा वाचलं, मग चष्मा काढला.

"म्हणजे आणखी एक वर्ष गेलं," ती म्हणाली. "कुठले दोन विषय, ते पण लिहिलंय. दोन्ही दुसऱ्या वर्षाचे." ती माझ्याकडे वळली. "मॅडम, यांच्या कारणांवर माझा काडीचा विश्वास नाही. तुम्ही तिच्या शिक्षिका. तुम्ही खोटं बोलणार नाही. दुसऱ्या वर्षाला काय झालं?"

देवस्थळी पेढ्यांचा बॉक्स धरून उभे होते. त्यांनी बॉक्सचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. सानिका मोबाइलकडे बघत होती आणि तिचा अंगठा हलत नव्हता.

माझ्या वर्गातला बायोलॉजीचा निकाल आजवर कधी खाली आलेला नाही. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

"वृंदावहिनी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "अकरावीत फिजिऑलॉजीचा भाग मी उरकला. पोर्शन संपवायची घाई होती. दुसऱ्या वर्षाला तेच विषय येतात. पायाच कच्चा, ती काय करणार?"

तिने पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या पाठीमुळे नाही."

"पाठीचा काय संबंध?" मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला, आणि मग माझी जी हजेरी घेतली ती विचारू नका. लोक विश्वासाने मुलं सोपवतात, वरून तुम्ही ट्यूशनसुद्धा घेता, एवढीशी जबाबदारी पेलत नसेल तर शिकवायचं कशाला, असं बरंच काही. मी मान खाली घालून ऐकत होते. मध्येच तिने पेढा हातात दिला आणि पुढे सुरू केलं.

देवस्थळी मला दारापर्यंत सोडायला आले. मी चपला घालत असताना म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव उगाच खराब झालं. उद्या मंडळभर होईल."

"तुमचं तर दीड वर्ष होतंय," मी म्हटलं.

"सवय होते," ते म्हणाले आणि दार हळूच लोटून घेतलं. आत वृंदावहिनी अजून मलाच बोलत होती.