‘मान्य आहे’चा ठराव

आमच्या ग्रामपंचायतीचा संगणक बारा वर्षांचा आहे आणि या बारा वर्षांत त्याने एकदाही रजा मागितलेली नाही. मी, शिपाई तानबा, हे जबाबदारीने सांगतो, कारण रोज सकाळी त्याच्यावरचं फुलाफुलांचं झाकण मीच काढतो आणि उन्हाळ्यात त्याच्या पाठीला टेबलफॅन मीच लावतो. तर या संगणकातली जुनी प्रणाली काढून शुक्रवारपर्यंत नवी बसवावी, असं पत्र सोमवारी वरून आलं. सोबत पेनड्राइव्ह होता. वरून आलेल्या वस्तूला आम्ही नाही म्हणत नाही.

नेमकी त्याच शुक्रवारी शकुबाईच्या नातीची, मेघाची, वर्ध्याला नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची तारीख होती. तिला रहिवासी दाखला हवा होता, आणि दाखला पंचायतीच्याच संगणकावरून निघावा असा नियम आहे. ती आली तेव्हा ग्रामसेवक ओमप्रकाश साहेबांनी पेनड्राइव्ह नुकताच खुपसला होता.

“बस बेटा. दहा मिनिटाचं काम आहे,” साहेब म्हणाले.

नऊ मिनिटं खरोखरच चांगली गेली. दहाव्या मिनिटाला पडद्यावर इंग्रजी मजकूर आला आणि खाली दोन बटणं: ‘मान्य आहे’ आणि ‘रद्द करा’. साहेबांचं बोट हवेतच थांबलं. नोकरीत तीन चौकशा सोसलेला माणूस तो.

“मान्य कोणाले आहे?” साहेबांनी मला विचारलं. “मले? उद्या माही बदली झाली तं? संगणक गावाचा, तं मान्यताही गावाचीच पायजे.”

सरपंच विमलाबाईंना बोलावलं. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. “न वाचता मी कायलेच हो म्हणत नाई, साहेब. माह्या सासऱ्यानं असाच एक आंगठा देल्ता, तो बांध अजून कोर्टात हाय. ग्रामसभा लावा.”

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात तातडीची ग्रामसभा भरली. अटी सदतीस पानांच्या होत्या. गावात सर्वांत जास्त घाई मेघाला असल्यामुळे वाचून मराठीत सांगायचं काम तिच्याकडेच आलं. अकराव्या पानावर आलं की, प्रणालीमुळे नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही.

“मंग कोण जबाबदार?” बाबाराव उठले. ते ग्रामसभेत नेहमीच उठतात.

“आपणच, काका.”

“बियाण्याच्या थैलीवरही हेच लिवलं राह्यते!”

“अन् तरी आपण पेरतोच,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि अकरावं पान बहुमताने मंजूर झालं.

एकोणतिसाव्या पानावर मात्र सभा अडली. वाद झाल्यास तो समुद्रापलीकडच्या कोर्टात चालेल, असं तिथे होतं. “तारखेले सकाळी जाऊन संध्याकाळी वापस येता येते काय?” बाबारावांनी विचारलं. येत नाही, असं कळल्यावर ‘तेथे वर्ध्याचे कोर्ट असे वाचावे’ या दुरुस्तीसह अटी एकमताने मान्य झाल्या. पण पडद्यावर दुरुस्ती लिहायला जागाच नव्हती. साहेबांनी ती रजिस्टर पोस्टाने कंपनीला कळवली, आणि उत्तराची वाट पाहण्यात अख्खा बुधवार गेला.

गुरुवारी ठरावाच्या वहीत ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असा शेरा मारून साहेबांनी बटण दाबलं. विमलाबाईंनी नारळ फोडला. संगणक घरघरला, त्रेसष्ट टक्क्यांपर्यंत गेला आणि थांबला. पडद्यावर आलं, ‘या संगणकाची क्षमता अपुरी आहे.’ बारा वर्षांच्या नोकरीनंतर असं तोंडावर सांगतात काय कोणाला? मला फार वाईट वाटलं. जुनी प्रणाली गेली, नवी आली नाही, आणि बिचाऱ्याजवळ फक्त टेबलफॅन उरला.

बिघाडाची तक्रार ऑनलाइनच करायची असते, तीही कार्यालयाच्याच संगणकावरून. साहेबांनी नियम दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

मेघाला रडूच आलं. “उद्या तारीख आहे, साहेब! सदतीस पानं वाचून देल्ली मी तुमाले. आता हातानं लिहून द्या न!”

“हातचा दाखला चालत नाई, बेटा,” साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याचा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधीच मेघा दारात उभी. सेलूच्या मैत्रिणीकडून तिने दुसरा पेनड्राइव्ह आणला होता. जुन्या संगणकांसाठीच केलेली, फुकट मिळणारी प्रणाली. ती बसू लागली आणि मधेच पुन्हा तसंच अटींचं पान आलं, तशीच दोन बटणं.

“थांब!” साहेब ओरडले. “ग्रामसभा...”

मेघाने ‘मान्य आहे’ दाबलं. एक ओळसुद्धा वाचली नाही. साहेबांनी घड्याळात बघून वेळ टिपून ठेवली.

अर्ध्या तासात संगणक असा पळू लागला की मी फॅन बंद केला. अकराला दाखला छापून निघाला. “सांभाळून नेजो, घडी पाडू नको!” मी ओरडलो, तोवर पोरगी बसमध्ये चढलीही होती. प्रवेश मिळाला. शकुबाईने सगळ्या कार्यालयाला पेढे वाटले, साहेबांना दोन.

पेढे खाऊन साहेबांनी नियमाप्रमाणे वर कळवलं की, सदर मुलीने गावाच्या वतीने न वाचता संमती दिली. पंधरा दिवसांनी चौकशी अधिकारी आले. “न वाचता मान्य करणं ही अत्यंत गंभीर...” एवढं ते बोलले आणि त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी बोलता बोलता पडद्यावरच्या ‘मान्य आहे’वर अंगठा दाबला आणि मोबाइल खिशात टाकला.

विमलाबाई बघतच होत्या. “काय मान्य केलं जी तुमी आता?”

अधिकाऱ्यांना सांगता येईना. प्रामाणिक माणूस, त्यांनी स्वतःला अपात्र ठरवलं आणि शेरा लिहिला की, ज्याने आयुष्यात एकदाही न वाचता ‘मान्य आहे’ दाबलेलं नाही, अशाच व्यक्तीने ही चौकशी करावी. गावात शोधलं, तालुक्यात शोधलं, जिल्ह्यात शोधलं. जागा अजून रिकामी आहे.

वाचकहो, तुम्ही पात्र असाल तर जरूर अर्ज करा. अर्ज ऑनलाइन आहे. पहिल्याच पानावर बारीक अक्षरात अटी आहेत आणि अगदी खाली बटण आहे. तुमचा अंगठा कुठे जाईल, हे मी मेघाला सांगून ठेवलंय. म्हणूनच ती चौकशीची चिंता सोडून वर्ध्याला निवांत अभ्यास करते आहे.