व्यंकटरावांचं 'फॉर अ चेंज'

"शैला, फॉर अ चेंज आज पाणी मी भरतो. तू झोप."

व्यंकटरावांचं हे वाक्य ऐकून शैलाताई उलट खडबडून जाग्या झाल्या.

पुण्याला सूनबाईंच्या तोंडून 'फॉर अ चेंज' ऐकल्यापासून व्यंकटरावांनी ते घरभर चालवलं होतं. फॉर अ चेंज पोह्यांऐवजी थालीपीठ झालं, फॉर अ चेंज कपाट या भिंतीचं त्या भिंतीला गेलं. कल्पना त्यांची, राबणं शैलाताईंचं! गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि त्या पहाटे उठण्याचा मान वर्षानुवर्षं शैलाताईंकडेच होता. त्यांनी संधी सोडली नाही.

"एक ड्रम भरला की पाईप दुसऱ्यात टाका. तिथून हलू नका," एवढं बजावून त्यांनी पांघरूण ओढलं.

व्यंकटराव हलले नाहीत. बोलत मात्र राहिले. भिंतीपलीकडे शेजारचे सर्जेराव दात घासत होते.

"आज काकू नायत व्हय?"

"फॉर अ चेंज, मी! माणसानं बदलाला घाबरू नये, सर्जेराव."

"लई भारी बोलता, साहेब. सांगा की अजून."

असा श्रोता व्यंकटरावांना उभ्या नोकरीत लाभला नव्हता. ते रंगात आले. नळाला पाणी येताच सर्जेरावांच्या सरूबाईंनी विचारलं, "काका, आमच्या नळाला जोर नाय. पाईप घेऊ का जरा?"

"घ्या, घ्या! देण्याची सवय लागणं, हाही चेंजच!"

व्याख्यान संपलं तेव्हा नळही गेला होता. पलीकडे सरूबाईंचे ड्रम, घमेली, कुकरसुद्धा भरले होते. अलीकडे सगळे ड्रम ठणठणीत कोरडे.

शैलाताई बाहेर येऊन ड्रममध्ये डोकावल्या. आठवडाभराचं पाणी आपण गप्पांत घालवलं, या विचारानं व्यंकटरावांच्या तोंडचंही पाणी पळालं. पण शैलाताई ओरडल्या नाहीत. भिंतीवरून सरूबाईंशी हळू आवाजात काही बोलल्या आणि नवऱ्याच्या हातात बादली दिली.

"निम्मं परत देतायत त्या. आणा."

व्यंकटराव भर गल्लीतून बादल्या वाहू लागले. दर खेपेला सर्जेराव आदबीनं दार उघडत आणि म्हणत, "साहेब, चेंजचं पुढं सांगा की!"

शेवटची बादली ओतून व्यंकटरावांनी पायरीवरच बसकण मारली. "पुढच्या वेळी तूच भर बाई. हे आपलं एकदाच, फॉर अ चेंज."

शैलाताईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांचा स्वतःचा चेहरा कसा टवटवीत दिसत होता.

"किती वर्षांनी सकाळची झोप मिळाली मला," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी गजर तुमच्या उशाशी लावते."