काचेतली बाई आणि पहिला पाट

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयांचं पोट आणि डोकं दोन्ही बिघडवून जातो. पोट बिघडतं पुरणाच्या धोंड्यांनी. डोकं बिघडतं पाटांनी. सासुरवाडीला दोन जावई असले की पाट दोन मांडावे लागतात, आणि कितीही सारखे मांडा, त्यातला एक पहिला असतोच.

नायगावचे शेषेराव म्हणजे मुगदळवाडीचे थोरले जावई. धाकटा जावई येईपर्यंत पहिला पाट, मधला पाट, शेवटचा पाट, सगळे त्यांचेच होते. मग धाकट्या शिल्पाचं लग्न झालं आणि लातूरचा बजरंग साडू म्हणून मानगुटीवर बसला. त्यात सासरे, म्हणजे शेषेरावांचे मामा, पडले न्यायी माणूस. त्यांनी नियमच करून टाकला.

"थोरलं-धाकटं मी धरत न्हाई. लेक-जावयाची जी जोडी उंबरा आधी ओलांडंल, तिचे पाय आधी धुवायचे. पहिला पाट तिचा."

मागच्या धोंड्याला शेषेराव पहाटेच्या एस.टी.नं निघाले होते. गावात पाऊल पडलं तेव्हा बजरंगच्या गाडीचा पत्ता नव्हता. पण मुगदळवाडी पडली भूकंपातलं गाव. जुनं गाव त्र्याण्णव साली आडवं झालं. मामांचं घरदार त्या रात्री शेतात खळ्यावर झोपलेलं म्हणून वाचलं. पुढं चार कोस लांब नवं गाव बांधलं गेलं, आणि त्यातली सगळी घरं एका साच्यातली. तीच खिडकी, तोच निळा दरवाजा, तोच ओटा. आपल्या घागरीत पाणी ओतायचं सोडून शेजारणीच्या घागरीत ओतावं तसे शेषेराव चौथी ओळ सोडून तिसऱ्या ओळीत शिरले. (बायको धोंडाबाई मागं माळवं-भाजी घेत थांबली होती, नाहीतर तिनं कॉलर धरली असती.) त्या घरातही जावयाची वाट बघून राहिले होते. म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं परात पुढं सरकवली, शेषेरावांनी पाय पुढं केले. उजवा पाय धुवून झाला, डावा परातीत होता, तेवढ्यात त्या घरचा खरा जावई दारात उभा राहिला.

एक पाय ओला आणि एक कोरडा घेऊन शेषेराव चौथ्या ओळीत पोहोचले, तर पहिल्या पाटावर बजरंग. दुसरा धोंडा फोडत म्हणतो कसा, "साडूभाऊ, पत्ता विचारायचा ना कुणाला तरी!"

ही गोष्ट त्यानं पुढं तीन वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली. एका दहाव्याला पण सांगितली.

आता बजरंग कोण? लातुरात फिजिक्सचा क्लास चालवणारा. बिलोलीपासून परभणीपर्यंतची पोरं पेट्या घेऊन त्याच्या दारात येऊन पडायची. शहरात शिरताना त्याचं होर्डिंग होतं. त्यावर पास झालेल्या पोरांचे फोटो तिकिटाएवढे आणि बजरंगचा फोटो दाराएवढा, हाताची घडी घातलेला. शेषेरावांना एस.टी.त नेमकी त्या बाजूची खिडकी मिळायची. ते डोळे मिटून घ्यायचे. मिटल्या डोळ्यांना पण बजरंग दिसायचा.

ह्या साली शेषेरावांनी जुनी का होईना, पांढरी चारचाकी घेतली. आता बरोबरी झाली, म्हणून मिशीवर हात फिरवतात तोच बजरंगचा फोन.

"साडूभाऊ, मी गाडीत रस्ता दाखवायचं मशीन बसवून राहिलो. उपग्रहावरून चालतंय. तुम्ही पण घ्या की. तुम्हाला तर लई गरज हाय."

त्या रात्री शेषेरावांना भाकर गेली नाही. दुसऱ्या दिवशी ते नांदेडात पाशामियाँच्या दुकानात हजर. पाशामियाँकडं सीट कव्हर, भोंगे, आरशाला लटकवायच्या मण्यांच्या माळा, सगळं मिळायचं.

"आइये शेषेरावसाब, बैठो. हे बघा, हे साडेतीन इंची. खिशात मावतंय, पण बोलतंय नुसतं इंग्रजी."

"माझी गाडी मॅट्रिक नापास हाय, पाशाभाई. हिंदी दाखवा."

"मग हे घ्या, चार पॉइंट तीन इंची. हिंदी बोलतंय. चार्जिंग दोन घंटे टिकतंय. काचेला रबराची वाटी दाबून बसवायची, चिकटली की बस."

"लातूरच्या बजरंग सरांकडं कोणतं हाय?"

पाशामियाँनं चष्मा वर केला. ह्या धंद्यात त्याचे केस पिकले होते. "सरांनी हेच नेलं ना परवा."

"मंग हे ठिवा बाजूला. ह्याच्याहून मोठं?"

"पाच इंची हाय. ह्याच्यात गर्दीचा रस्ता आधी कळतंय, गाडी जोरात गेली तर ओरडतंय..."

"आमच्या नायगावात गर्दी म्हंजे म्हशी. म्हशी कळतेत का?"

"म्हशीचं पुढच्या मॉडेलात येईल, इन्शाल्ला. अन् हे बघा, ह्याच्यात दोन रस्ते. एक जल्दीचा, एक जवळचा."

"सरांच्यात?"

"एकच. जल्दीचा."

"द्या!"

पाशामियाँ खरा माणूस. त्यानं खोकं बांधता बांधता हात थांबवला. "एक बात हाय साब. नक्शा आधी कॉम्प्युटरला जोडून ताजा करून घ्यावा लागतंय. दोनीचाबी नक्शा जुनाच हाय. माझा पोरगा अजहर करून देतो, उद्या या."

उद्या? उद्यापर्यंत बजरंग आणखी काय घेऊन बसेल ह्याचा नेम नव्हता. शेषेरावांनी तिथंच यंत्रात 'मुगदळवाडी' टाकलं. आणि काय सांगावं, काचेत सासुरवाडी हजर! लाल टिंब, बाजूला ओढा, वर नाव.

"हे काय, दिसून राहिलंय की! नकाशा जुना असू द्या न्हाईतर नवा. गाव काय चालत जातंय का कुठं, पाशाभाई?"

पाशामियाँला बिचाऱ्याला मुगदळवाडीचं काय ठाऊक. त्यानं खोकं बांधून दिलं.

घरी यंत्र आलं आणि धोंडाबाईचं डोकं फिरलं. तिचं नाव धोंडाबाई पडलं तेच मुळी धोंड्याच्या महिन्यात जन्मली म्हणून, तेव्हा हा महिना ती आपल्या मालकीचा समजायची. त्यात ही काचेतली बाई. शेषेराव सरावाला म्हणून रोज संध्याकाळी तिला घेऊन गावाला चकरा मारायचे. ती म्हणायची, "कृपया दो सौ मीटर के बाद दाएँ मुड़िए," की हे वळले. चुकले तर न चिडता पुन्हा गोड आवाजात रस्ता काढून द्यायची.

"वीस वर्सं झाली," धोंडाबाई म्हणाली, "मी म्हणून राहिले, भिंतीला ओल आली, जरा बघा. तर मान वळली न्हाई. अन् ही म्हणती वळा, तर सगळी गाडी वळवायलेत!"

"अगं, मशीन हाय ते."

"मशीन 'कृपया' म्हणती व्हय? तुम्हाला कृपया म्हणणारी कोण लागती तुमची?"

शेषेरावांना जन्मात पहिल्यांदा कुणी कृपया म्हटलं होतं.  सीटवर बसायच्या आधी ते केस विंचरायला लागले, ते धोंडाबाईनं बघून ठेवलं.

शेवटी तो दिवस उगवला. वैशाखाचं ऊन, पांढरी गाडी, काचेवर पाच इंची बाई, मागच्या सीटवर धोंडाबाई. (पुढं बसायला तिनं नकार दिला. म्हणाली, पुढं दोघीला जागा न्हाई.) अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. लातुरात होर्डिंगवरच्या बजरंगकडं शेषेरावांनी आज डोळे उघडे ठेवून बघितलं, आणि हॉर्न पण वाजवला. औसा मागं पडलं. मुगदळवाडीचा फाटा आला. फाट्यावर हिरवी पाटी, पाटीवर ठळक अक्षरं: मुगदळवाडी, पुनर्वसित, उजवीकडं बाण.

"सौ मीटर के बाद बाएँ मुड़िए," बाई म्हणाली.

"उजवीकडं!" धोंडाबाई म्हणाली. "अवो, पाटी वाचा. माझं माहेर हाय ते!"

शेषेरावांनी ब्रेक दाबला. दोन बायका, दोन दिशा. खरं सांगायचं तर ते उजवीकडं वळणारच होते, स्टिअरिंगवर हात पण फिरला होता. तेवढ्यात डावीकडच्या गाडीवाटेवर धुरळा दिसला. धुरळ्याच्या पुढं बजरंगची गाडी.

"तिकडून गेला!" शेषेराव ओरडले. "म्हंजे जवळचा रस्ता तिकडून हाय! एवढा शिकलेला माणूस काय चुकतंय व्हय?"

"माझ्या आबांचं गाव इकडं अन् तुम्ही तिकडं?"

"तू गप बस. उपग्रहाला जास्ती कळतंय का तुला?"

धोंडाबाईनं दार उघडलं, पिशवी उचलली आणि खाली उतरली. "जावा तिच्यासंगं," म्हणाली. मागून काळी-पिवळी जीप येत होती, तिला हात केला, आणि दहाव्या पाशिंजराच्या मांडीपाशी जागा करून निघून गेली. शेषेरावांना वाईट वाटलं, पण वाईट वाटायला आज वेळ नव्हता. त्यांनी गाडी बाभळीत घातली.

दोन्हीकडून काटे गाडीला ओरबाडून राहिले. दगड खालून ठोसे मारून राहिले. बाई मात्र शांत. शेवटी एका पडक्या भिंतीपाशी ती म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

शेषेराव उतरले. मातीचे ढिगारे, त्यावर बोरी उगवलेल्या, एक बुजलेला आड, आणि कळस नसलेलं मारुतीचं देऊळ. देवळापुढचा ओटा त्यांनी ओळखला. ह्याच ओट्यापाशी वीस वर्षांपूर्वी ते नवरदेव म्हणून घोड्यावरून उतरले होते. घोडा उधळला होता, म्हणून जरा लवकरच उतरले होते.

ओट्याच्या मागून बजरंग आला. हातात मोबाईल, रेंज शोधत हात आभाळात. दोघांची नजरानजर झाली.

"मी मारुतीला नारळ फोडायला आलतो," बजरंग घाईनं म्हणाला.

"मी पण."

"नारळ कुठंय तुमचा?"

"तुमचा कुठंय?"

गाडीत बसलेल्या शिल्पानं काच खाली केली. "दाजी, ह्यांचं काही ऐकू नका. मघापासून मी सांगून राहिले, उलटं आलोत. तर म्हणले, मागं साडूभाऊ येऊन राहिले, एवढा जुना जावई, त्यांना रस्ता ठाव नसल का?"

शेषेरावांनी बजरंगकडं बघितलं. बजरंगनं शेषेरावांकडं बघितलं. (त्याच्या क्लासमध्ये ह्याला काहीतरी नियम असणार.)

बकऱ्या राखणारी एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पाव्हणं, गावाला इथून उठून सतरा वर्सं झाली की वो. तुम्हास्नी कुणी सांगितलं न्हाई?"

आता पुढं जे झालं ते दोन शिकलेल्या-न शिकलेल्या माणसांना शोभणारं नव्हतं. दोघंही एकदम गाडीकडं पळाले. पण गाडीवाट एका गाडीपुरती, आणि मागून आलेले शेषेराव उलट फिरताना आपोआप पुढं झाले. जन्मात पहिल्यांदा मागं असण्याचा फायदा झाला. त्यांनी गाडी मुद्दाम बैलगाडीच्या चालीनं सोडली. मागं बजरंग हॉर्नवर कोपर ठेवून बसला. बाई घसा फोडून सांगत होती, "यू-टर्न लीजिए, यू-टर्न लीजिए." शेषेराव म्हणाले, "आता न्हाई, बाई."

नवं गाव आलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. तिसरीच्या ओट्यावर तीच म्हातारी बसली होती, तिला त्यांनी लांबूनच हात जोडले. चौथी ओळ. गाडी बंद न करता ते पळाले, मागून बजरंगच्या चपलांचा आवाज. शेषेरावांनी उडी मारून उंबरा ओलांडला. पहिले! बजरंगच्या आधी दोन हात!

आत दोन पाट मांडले होते. पहिल्या पाटावर धोंडाबाई. पाय धुतलेले, कपाळाला ताजं कुंकू, पुढ्यात केळीचं पान, पानावर तिसरा धोंडा आणि त्यावर तुपाची धार.

"या जावईबापू," मामा म्हणाले. "पहिला मान थोरल्या जोडीला दिला बरं का. अर्धी जोडी टायमावर आली. अर्धी कुठं फिरून राहिली, देवाला ठावं."

शेषेरावांची छाती गाडीच्या टायरसारखी फुगली. ते दारात वळून म्हणाले, "बघितलं का सर? पहिला पाट आमचाच!"

ह्या एका वाक्यासाठी ते वळले, आणि तेवढ्यात बजरंग त्यांच्या काखेखालून आत शिरून दुसऱ्या पाटावर जाऊन बसला. बसल्यावर दम खात म्हणाला, "तुमचा कुठला साडूभाऊ? आक्काचा."

पाट संपले.

"मंग... माझा पाट?" शेषेराव धोंडाबाईला म्हणाले.

धोंडाबाईनं बोटाचं तूप पुसलं. पाठ ताठ केली. आणि तीन आठवडे ऐकून पाठ झालेल्या गोड आवाजात म्हणाली, "कृपया पाँच मीटर के बाद बाएँ मुड़िए."

आणि शेषेराव वळले. मुद्दाम नाही. सवयीनं. पाच पावलं सरळ गेले, डावीकडं वळले, आणि मोरीत, खरकट्या भांड्यांच्या मधोमध, पाय धुवायच्या परातीत उभे राहिले. डावा पाय परातीत, उजवा पुरणाच्या पातेल्यात.

"आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं," धोंडाबाई म्हणाली, आणि तिनं चौथा धोंडा फोडला.