माझे पाच अल्बम आणि खालची पट्टी

मालवण तालुक्यात इंडी रॉक कोणाला कळत असेल तर तो मला, असं मी दोन हजार सहा साली छातीठोकपणे सांगायचो. हे खोडून काढणारा कोणी नव्हता, कारण तालुक्यात इंडी रॉक ऐकणारा दुसरा माणूसच नव्हता. एकट्याच्या शर्यतीत पहिला येण्याचं सुख काय असतं ते मला विचारा.

मी कुडाळात एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. दोडामार्गचा माझा मित्र सुदेश गोव्यात हॉटेलात कामाला होता. तिथे उतरणाऱ्या परदेशी पोरांकडून तो सीड्या मिळवायचा, त्यांच्या कॉपी काढायचा आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडे पाठवायचा. अशा रीतीने ग्लासगोच्या चार बेकार पोरांनी गॅरेजात वाजवलेलं गिटार बांदा, सावंतवाडी करत माझ्यापर्यंत पोचायचं. इंडी म्हणजे इंडियन नव्हे, हे मी घरी दारी शंभरदा सांगितलं असेल. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीचा हात नाही, जाहिरात नाही, आपलं आपण वाजवायचं. आईला हे पटायचं, पण ती ऐकायला बसायची नाही. माझे वडील, आबा, ऐकायचे, कारण घर लहान. पण त्यांना पटायचं नाही. आबांचं आयुष्य होडीवर गेलं. इंजिनाचा पट्टा सुटला की असाच आवाज येतो, एवढंच त्यांचं मत होतं.

डिसेंबर आला आणि मी वर्षातले माझे पाच आवडते अल्बम निवडले. अशा याद्या काढणारे लोक जगभर असतात, ते इंटरनेटवर टाकतात. मला मात्र माझ्या गावाने ऐकावं असं वाटत होतं. म्हणून मी शंकरकडे गेलो.

शंकर आमचा केबलवाला. त्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर दिवसभर जुने सिनेमे, दशावतारी नाटकं आणि लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी लागायच्या, आणि खालच्या पट्टीवर गावच्या बातम्या सरकत राहायच्या. वाढदिवस, हरवलेली गुरं, पाणी कधी येणार, कोण वारलं. एकतीस तारखेला संध्याकाळी अर्धा तास मोकळा आहे, तो मला देतो म्हणाला. मी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

शूटिंग त्याच्याच घरी झालं. मागे काळा पडदा. मी पांढरा झब्बा घातला होता, कारण रंगीत शर्टात माणूस गंभीर दिसत नाही असा माझा समज. शंकरच्या आईने चांगलं काम आहे म्हणून बाजूला समई लावली. मी कॅमेऱ्यात बघून हळू आवाजात सुरुवात केली. हे वर्ष आता संपतंय, जाण्यापूर्वी मनातल्या चार गोष्टी तुम्हाला सांगाव्यात असं वाटलं. मग एकेका अल्बमबद्दल बोललो, एकेक गाणं लावलं. माझ्या एकटेपणात या पाच अल्बमनी मला कशी साथ दिली तेही सांगितलं. आणि शेवटी हात जोडून म्हणालो, "मी निघालो तरी ही गाणी तुमच्यासोबत राहतील."

शंकर म्हणाला, एकदम हृदयाला भिडणारं झालंय.

आता पुढे काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुमचा तरी घोटाळा होणार नाही. शंकर पट्टीवरचा मजकूर कधीच नवा टाइप करत नसे. आधीचाच घ्यायचा आणि त्यातले शब्द बदलायचे. एकतीस तारखेला त्याने आदल्या दिवशीची एक निधनवार्ता उघडली, तिथल्या माणसाचं नाव काढून माझं नाव घातलं, आणि पुढचे शब्द बदलणार एवढ्यात फोन आला. बंदराकडची केबल तुटली होती. शंकर शिडी खांद्यावर टाकून पळाला. साडेसहाला कॉम्प्युटरने आपोआप कार्यक्रम सुरू केला. वर मी, पांढऱ्या झब्ब्यात, समईच्या उजेडात, निरवानिरवीचं बोलतोय. खाली पट्टी सरकतेय. 'दत्तप्रसाद कुबल यांचे दुःखद निधन.'

मी त्या वेळी एसटीत होतो. कुडाळहून लवकर निघालो होतो, पण धामापूरच्या पुढे गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाशी बोलत बसला आणि माझा कार्यक्रम माझ्याविनाच पार पडला. घरी फोन नव्हता, आणि आमच्या वाडीत त्या वेळी लोडशेडिंग असायचं, त्यामुळे घरचेही बघू शकणार नव्हते. मी हळहळत होतो. अर्ध्या तासाने गाडी निघाली. कुंभारमाठला, जिथवर शंकरची वायर पोचते, तिथे काशीबाई आणि तिचा नवरा चढले. काशीबाई माझ्या आईची लांबची बहीण. गाडीतले दिवे गेलेले होते, मी शेवटच्या बाकावर होतो. ती दोघं माझ्या पुढे दोन बाकं सोडून बसली आणि माझ्याबद्दलच बोलू लागली.

"माका बघताना रडूच इला," काशीबाई म्हणाली. "कसो शांतपणान बोलत होतो."

माझ्या अंगावर काटा आला. मालवणात, पहिल्याच कार्यक्रमात, इंडी रॉक ऐकून बाई रडली! पुढे जाऊन नमस्कार करावा असं वाटलं, पण कौतुक चालू असताना मधे तोंड घालू नये म्हणून गप्प बसलो. काशीबाईचा नवरा म्हणाला की एवढ्या लहान वयात असं कोणाला सुचतं. मी अंधारात मान डोलावली. मग तो म्हणाला, बापाला हे सोसणार नाही. तेही मला पटलं. आबांना गिटार सोसत नाही हे कुंभारमाठपर्यंत पोचलं होतं याचं मात्र आश्चर्य वाटलं.

ती दोघं आमच्याच घरी निघाली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. म्हणजे अभिनंदनाला! मालवणच्या स्टँडवर मी मागच्या बाजूने उतरलो आणि माडांच्या बागेतून जवळच्या वाटेने पळत सुटलो. पाहुणे येण्याआधी घरात चहा-साखर आहे का ते बघायला हवं होतं.

घराजवळ आलो तर आमच्या दारात चपलांचा खच. वाडीत काळोख, अंगणात दोन कंदील, आणि माणसंच माणसं. शेजारची लक्ष्मीकाकी होती. एका माडावरून जिच्याशी आमची बोलचाल बंद होती ती शेवंती होती. कडेला दोन ताजे बांबू आणून ठेवलेले दिसले. मांडव घालायचा म्हणजे फारच झालं, असं माझ्या मनात आलं. माझा ऊर भरून आला. मी फाटकातूनच मोठ्याने म्हणालो की एवढे सगळे आलात, माझ्यासाठी उगाच त्रास घेतलात.

लक्ष्मीकाकी किंचाळली. दोघेजण उठून तुळशीमागे लपले. भाड्याच्या खुर्च्या एकावर एक कोसळल्या, आणि बांबू आणणारा गृहस्थ ते बांबू उचलून, जणू आपण ते आणलेच नव्हते अशा थाटात, मागच्या दाराने निघून गेला.

फक्त आई जागची हलली नाही. ती ओटीवर खांबाला टेकून बसली होती. लोकांनी येऊन तिला सांगितलं तेव्हा तिने एकच वाक्य म्हटलं होतं, आणि मग कोणाशी बोलली नव्हती. ते वाक्य मला शेवंतीने नंतर सांगितलं. "तो कुडाळाक गेलोहा. सांजची गाडी येयसर माका कोणी काय एक सांगू नकात." रडली नाही, आणि कोणाला रडू दिलं नाही. आत जाऊन चुलीवर भात ठेवून आली होती.

मला बघून ती उठली. माझा चेहरा चाचपला, खांदे चाचपले. मला वाटलं आता रडेल.

"हात-पाय धू," ती म्हणाली. "भात निवता."

तेवढ्यात काशीबाई आणि तिचा नवरा पोचले, आणि किंचाळ्यांचा दुसरा हप्ता झाला. मग शिडीसकट शंकर धापा टाकत आला. कोणीतरी त्याला खांबावर असतानाच खालून शिव्या घातल्या होत्या. त्याने पट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा कुठे मला सगळं कळलं. काशीबाई कशाला रडली होती तेही त्याच क्षणी समजलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं.

पण आबा घरात नव्हते. बातमी येताच ते एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून कुडाळला निघाले होते. हॉस्पिटलात चौकशी करायला. वाटेत आमची बंद पडलेली एसटी त्यांनी ओलांडली असणार. काळोखात दोघांनाही कळलं नाही. मोटारसायकलवाल्याकडे मोबाइल होता, पण तो उचलत नव्हता. मी निघालो, तर सगळ्यांनी मला धरून बसवलं. आता तू कुठे हलू नकोस, म्हणाले.

आबांची वाट बघताना मी जे ऐकलं ते फार थोड्यांना ऐकायला मिळत असेल. लोक माझ्याबद्दल बोलायला आले होते आणि बोलायचं बरंच शिल्लक राहिलं होतं. लक्ष्मीकाकीने सांगितलं की तिचा रेडिओ मी दुरुस्त केला होता, आणि तेव्हापासून तिला घरात एकटं वाटत नाही. मला तर ते आठवतही नव्हतं. शेवंतीने आमच्या घरी चहा करून आणला होता, कारण आई चुलीपाशी बसेल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या हातचा चहा आमच्या घरात किती वर्षांनी आला! मी दोन कप प्यायलो. माडाचा विषय त्या संध्याकाळी कोणी काढला नाही, आणि पुढेही कधी निघाला नाही.

मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. आबा उतरले. कुडाळच्या हॉस्पिटलात या नावाचा कोणी नाही म्हटल्यावर ते पोलीस स्टेशनलाही जाऊन आले होते. पायात चपला नव्हत्या, घाईत राहून गेल्या होत्या.

आमच्याकडे बाप मुलाला लाडाने 'मेल्या' म्हणतो. आबांनी मला आयुष्यभर तेच म्हटलं होतं. उठ मेल्या, जेव मेल्या, तो आवाज बंद कर मेल्या. त्या दिवशी ते माझ्याकडे बघत उभे राहिले, त्यांचे ओठ हलले, आणि शब्द आला तो, "दत्ता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, विहिरीवर जाऊन पाय धुतले, डोक्यावर कळशी ओतून घेतली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आईने मला तिकडे जाऊ दिलं नाही.

परत आले तेव्हा वीज आली होती. आबांनी विचारलं की टीव्हीवर मी असं बोललो तरी काय. अंगणातल्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. अल्बमचं नाव एकालाही आठवत नव्हतं. आबा म्हणाले, "ता लाव बघू. तुझा पैला."

मी पहिल्या क्रमांकाचा अल्बम लावला. ग्लासगोची चार पोरं आमच्या ओटीवर वाजवू लागली. माझ्या मौतीला आलेले सगळे अदबीने ऐकत बसले. आई मला भात वाढत होती, वर सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, तिखलं.

दोन गाणी झाल्यावर आबा म्हणाले, "ह्यांका कंपनी नाय ना?"

नाही म्हटलं. आपलं आपणच करतात.

"म्हणजे आपली होडी, आपला जाळा."

"होय."

त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला. "मग वाजवंदेत," म्हणाले, आणि पान लावायला घेतलं.

मी आजवर ज्यांचा ऋणी आहे त्यांत ती संध्याकाळ फार वरची आहे. एवढं सगळं माझ्यासाठी, आणि तेही मी बघायला हजर असताना.

सकाळी शंकरने पट्टीवर खुलासा दिला. 'दत्तप्रसाद कुबल यांचे दुःखद निधन काही तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आले आहे.' हा खुलासा काढायला तो विसरला. शिमग्यापर्यंत चालू होता.

त्याच दिवशी देवगडहून बाळामामा आला. बातमी उशिरा कळल्याने तो पहिल्या गाडीने निघाला होता, मला बघून रडला, मग हसला, मग जेवला. जाताना म्हणाला, तुझी ती पाचही गाण्यांची तबकडी मला दे. मी त्याला पाच अल्बम एका सीडीवर उतरवून दिले. नातेवाइकांत कोणी माझं संगीत मागून घेण्याची ती पहिलीच वेळ. मी दिवसभर हवेत होतो.

मे महिन्यात त्याने हापूसची पेटी पाठवली, आणि आभार मानायला माझ्या क्लासात स्वतः फोन केला. वानरं त्याच्या कलमांचं दर वर्षी वाटोळं करायची. यंदा त्याने बागेत कर्णा बांधून माझी सीडी लावली होती. पहिल्या क्रमांकाच्या अल्बमला वानरं पार खाडीपलीकडे गेली, म्हणाला. दुसऱ्याला आणि तिसऱ्यालाही तसंच. चौथ्याला तर कुत्रासुद्धा गेला.

"पाचवो मात्र लावूचो नाय," मामा म्हणाला. "तो लागलो की सगळी परत येतत आणि कर्ण्याखाली गप बसान ऐकतत."

घरी येऊन मी पेटीतला एक आंबा कापला, पाचवा अल्बम पुन्हा लावला आणि नीट ऐकला. तो पहिल्या क्रमांकावर असायला हवा होता.