लालीबाईच्या मागून गाणारी बाई

"शुक्रवारी संध्याकाळी हा डब्बा इथून उचलायचा," अतियाने हातातली कात्री नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर रोखत सांगितलं. "शनिवारपासून माह्या शिवणक्लासच्या पोरी येऊन राह्यल्या. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत यातून एक तरी सीडी निघाली, तं राहू दे. नाई तं भंगारवाला हायच."

जमीरने मान डोलावली. कात्री धारेची होती.

आर्णीत जमीरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पण त्या दोन-तीन वर्षांत कापसाची अशी काही दैना झाली, की विहिरीवरची मोटार जळाली तरी लोक ती पोत्याखाली झाकून ठेवायचे. दुकानात माशी हलेना. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर. जमीरच्या डोक्यात सैतानाने संगीत घातलं. त्याने यवतमाळहून जोडून घेतलेला कॉम्प्युटर, एक माइक आणि एक हेडफोन आणला, आवाज घुमू नये म्हणून पुढच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि दारावर खडूने 'स्टुडिओ' लिहिलं. सहा महिन्यांत तिथे एका चपलांच्या दुकानाची ऑटोवर वाजवायची जाहिरात तेवढी तयार झाली. ट्रेमध्ये पाली मात्र सहकुटुंब राहायला आल्या.

आणि नेमकं या आठवड्यात खरं काम चालून आलं. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या सुनीलच्या पोरीचं, बबिताचं, रविवारी लग्न होतं. पोरगी पार आदिलाबादकडे नांदायला जाणार होती.

"माह्या याडीची गाणी भरून द्या, जमीरभाऊ," सुनील म्हणाला. "पोरगी म्हंते, मले दुसरं काही नको. आजीचा आवाज तेवढा संगं द्या."

सुनीलची याडी, म्हणजे आई, लालीबाई, मंगळवारी सकाळी आली. सत्तरीची बाई, पण पाठ अजून ताठ होती. जमीरने डफड्याचा ताल आधीच भरून ठेवला होता. तो कानात ऐकत तिने गायचं, इतकं सोपं काम होतं. ओढणीवरून हेडफोन चढवून तिने पहिली ओळ टाकली आणि जमीरच्या अंगावर काटा आला. मग ती थांबली. जरा वेळाने दुसरी ओळ म्हणाली आणि परत थांबली. ताल आपला एकटाच पुढे निघून गेला.

"याडी, थांबता काहून?"

"ती म्हणून राह्यली ना."

"कोण ती?"

"मागची बाई. तिचं होऊ दे. मधातच कायले घुसू मी?"

जमीरने हेडफोन आपल्या कानाला लावून माइकमध्ये "हॅलो" म्हटलं. अर्ध्या सेकंदाने कानात "हॅलो" आलं. माइकमधला आवाज कॉम्प्युटरच्या पोटात शिरायचा आणि तिथून चहापाणी करून निवांत बाहेर पडायचा. आता लालीबाईच्या तांड्यावरची रीत अशी, की एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने ओळीचं शेपूट झेलायचं. झेलणारीचं होईपर्यंत पहिलीने गप्प बसायचं, नाही तर तो उद्धटपणा. म्हणजे लालीबाई स्वतःच्याच आवाजाचा मान राखत बसली होती.

"याडी, ती बाई नोहे. तुमचाच आवाज उशिरा येऊन राह्यला."

"माहा आवाज मले समजत नाई का, बापू? ही माह्याहून गोड गाते."

जमीरने यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने सांगितलं, या उशिराला लेटन्सी म्हणतात; सेटिंगमध्ये जा आणि बफर, म्हणजे आवाज अडवून ठेवायची जागा, कमी करा. जमीरने बफर इतका कमी केला की आवाज वेळेवर यायला लागला, पण फोडणीत मोहरी तडतडावी तसा फुटून. लालीबाईने हेडफोन फेकला. "ती कायले चिडली माह्यावर?"

बुधवारी कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मंग ड्रायव्हर बदला, म्हंजे आवाज चालवणारा प्रोग्राम. आवाज लवकर काढणारा फुकटचा ड्रायव्हर नेटवर भेटते." जमीर बसस्टँडजवळच्या कॅफेत जाऊन बसला. तो ड्रायव्हर गोगलगायीच्या चालीने उतरू लागला, नव्वद टक्क्यांवर आला आणि लोडशेडिंगची वेळ झाली. चार तासांनी लाइट आली तेव्हा गाडी पुन्हा शून्यापासून. संध्याकाळी एकदाचा तो पेनड्राइव्हमधून घरी आला, कॉम्प्युटरमध्ये बसला, आणि कॉम्प्युटरची वाचाच गेली. काढला, घातला, बंद केलं, सुरू केलं. गुरुवारी दुपारी वाचा परत आली ती फक्त डाव्या कानात.

"माह्या मोटारी बऱ्या!" जमीर ओरडला. "जळाल्या तं जळाल्यासारख्या तरी दिसतात!"

लालीबाई मात्र रोज सकाळी सुनीलच्या गाडीवर बसून न चुकता हजर. काम अडलं की ती ओसरीत अतियाच्या मशीनजवळ बसून चहा प्यायची आणि आतल्या बाईची तारीफ करायची. गुरुवारी अतिया खोलीत आली.

"अंदर कोणची बाई गाते?"

"कोणीच नाई."

"मंग याडी तारीफ कोणाची करून राह्यली?"

"अवं, ते लेटन्सी हाय!"

"अच्छा. नाव बी हाय तिले," अतिया म्हणाली आणि गुरुवारचा स्वयंपाक मुक्याने झाला.

शुक्रवारी दुपारी जमीर नमाजहून येऊन पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला. एक सेटिंग राहिलं होतं ते बदललं, कॉम्प्युटरचे बाकीचे सगळे टिंग-टाँग आवाज बंद केले आणि माइकमध्ये "हॅलो" म्हटलं. "हॅलो" तिथल्या तिथे कानात. ना उशीर ना तडतड. त्याने ओसरीत उडी मारली आणि चहा पिणाऱ्या लालीबाईला हाताला धरून आत नेलं.

लालीबाईने ओळ टाकली. थांबली. वाट पाहिली. इकडेतिकडे पाहिलं.

"ती कुठं गेली?"

"गेली, याडी! काढून टाकली!"

लालीबाईने हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. "काढून टाकली? चार दिवस बिचारी माह्या संगं गायली. तुले काय तरास होता तिचा?"

"याडी, आता एकदम साफ आवाज येते. तुमी गा फक्त."

"एकटी? लग्नाचं गाणं एकटीनं म्हटलं तं ते रडणं होते, बापू. माह्या नातीले मी काय रडणं भरून देऊ?"

जमीरने तिला समजावलं, हात जोडले, शेवटी हार मानून उशीर परत आणायला बसला. पण जुना ड्रायव्हर त्याने बुधवारीच रागाने समूळ पुसून टाकला होता, आणि नवा काही केल्या उशीर करेना. तीन दिवस सुधरता सुधरत नव्हतं ते आता बिघडता बिघडेना. घड्याळात साडेचार वाजले. सहाला लाइट जाणार होती. त्याने कपाळ टेबलावर टेकवलं.

अतिया गळ्यात मापाची टेप अडकवून दारात उभी होती. "झेलायचं म्हंजे शेवटचा शब्दच म्हणायचा ना? आयकून आयकून माह्या कानाले पाठ झालं हाय. सरका तिकडं. याडीसाठी करून राह्यली मी, तुमच्यासाठी नाई."

ती लालीबाईजवळ बसली. लालीबाईने ओळ टाकली, अतियाने शेपूट झेललं. पहिल्या दोन ओळींना अडखळली, तिसरीला बसली. पाच गाणी झाली तेव्हा लालीबाईचे डोळे भरून आले होते आणि जमीरचेही. साडेपाचला त्याने सगळं सेव्ह केलं, स्पीकरवर वाजवून दाखवलं आणि सीडी लिहायला घातली.

आईला न्यायला आलेल्या सुनीलने गाडी सुरू केली. निघताना लालीबाईने अतियाच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं गायलं, पोरी. पह्यलीवाली जास्त सुरात होती, पण तुहंबी चालते."

गाडी गेली. त्याच मिनिटाला लाइटही गेली, वेळेच्या दहा मिनिटं आधी. सीडी सत्त्याऐंशी टक्क्यांवर मेली.

दिवस बुडाला. दिलेला शब्द होता. जमीर खाली वाकून एकेक वायर काढू लागला. चार दिवसांचा वैताग आता फक्त दुखत होता.

"काय करून राह्यले?" अतियाने विचारलं.

"डब्बा उचलून राह्यलो. तुह्या पोरी येतीन उद्या."

"त्या ओसरीत बसतीन. लावा त्या वायरी परत." तिच्या आवाजात कात्रीची धार होती. "लाइट आली की सीडी काढून सुनीलच्या घरी पोचवा. मंग तिले बोलवा."

"कोणाले?"

"त्या लेटन्सीले. माह्याहून सुरात गाते म्हणे! मले सामने बसून आयकायचं हाय तिले."

ती बाई म्हणजे खुद्द लालीबाईच, हे सांगायला जमीरने तोंड उघडलं. चार दिवसांत त्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. त्याने यवतमाळला फोन लावला.

"भाऊ," तो म्हणाला, "आवाज उशिरा येण्यासाठी काय करा लागते?"